कोळसा आहे तोवरच कोळशानंतरची तजवीज करा : चंद्रपूर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
नियामक परिषद, जिल्हा खनिज प्रतिष्ठान, चंद्रपूर

विषय : खाणी आणि वीज केंद्रातल्या कंत्राटी कामगारांच्या पुढच्या रोजगारासाठी खनिज निधीतला ठरावीक हिस्सा आत्तापासून वेगळा ठेवण्याबाबत

महोदय,

मी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तरी मुले अजून घरी येतात. कुणाला वायरमनच्या परवान्याचा अर्ज भरून हवा असतो, कुणाला जळालेली मोटर दाखवायची असते. मागच्या महिन्यात असाच एक जुना विद्यार्थी आला. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स, वर सोलरचा तीन महिन्यांचा, दोन्ही प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. राजस्थानातल्या एका मोठ्या सौर प्रकल्पावर तो कामाला गेला होता. तिथे त्याच्या हातात टॉर्कचा पाना दिला आणि दिवसभर पॅनेलचे बोल्ट आवळत रांगेने पुढे सरकायचे, एवढेच काम. पाच महिन्यांत उभारणी संपली, ठेकेदाराने माणसे कमी केली. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अजून हातात पडलेला नाही. आता तो आपल्याच जिल्ह्यात माती काढणाऱ्या एका कंपनीत टिप्पर चालवतो. पुन्हा सोलरच्या कामाला जाशील का, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, सोलरचं काम पाच महिन्याचं राह्यते जी. कोळशाचं बाराही महिने हाय."

त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही. ज्या विषयावर मी सतरा-अठरा बॅचेसना शिकवले, ज्याच्याबद्दल "यात पुढे खूप वाव आहे" असे फळ्यासमोर उभे राहून सांगितले, त्यावर हा मुलगा मला अनुभवाने खोटे पाडत होता. खरे उत्तर माझ्या हातात नाही. ते तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. कोळशातून प्रतिष्ठानाकडे जो पैसा येतो, त्यातला एक ठरलेला हिस्सा दरवर्षी कायम ठेव म्हणून बाजूला काढा. तो रस्ते, सभागृहे, प्रवेशद्वारे यांवर खर्च होऊ देऊ नका. कोळशावर आज ज्यांचे पोट आहे आणि उद्या ज्यांना कोणी विचारणार नाही, त्या कंत्राटी माणसांना नव्या कामात उभे करण्यासाठीच तो वापरा. आणि सुरुवात याच वर्षी करा.

याच वर्षी का, असे तुम्ही विचाराल. विचारणे बरोबरही आहे. कोळसा काही उद्या बंद होत नाही. 2024-25 मध्ये देशाचे कोळसा उत्पादन पहिल्यांदा एक अब्ज टनांच्या पुढे गेले. आपले महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचे आहे आणि रात्रंदिवस चालते. भारताने कार्बनच्या हिशेबात शून्यावर येण्यासाठी 2070 हे साल सांगितले आहे. तोवर आजच्या पालकमंत्र्यांची नातवंडे मोठी झालेली असतील. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2025 च्या मध्यावर देशातल्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-कोळसा, बिगर-तेल-वायू स्रोतांचा झाला. हे उद्दिष्ट 2030 चे होते, पाच वर्षे आधी गाठले. नवे पैसे कुठे वाहताहेत हे त्यावरून दिसते. केंद्राने 2023 च्या जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्यांदा हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठीचे कर्जरोखे, काढले आणि 16,000 कोटी रुपये उभे केले. गुंतवणूकदार आपल्याला कळवून येत नाहीत, तसे कळवून जातही नाहीत.

आणि मुख्य गोष्ट अशी की प्रतिष्ठानाचा पैसा हा कोळशाचाच पैसा आहे. खाणीतून निघालेल्या 100 रुपयांच्या कोळशावर सरकारला 14 रुपये रॉयल्टी मिळते. जानेवारी 2015 च्या आधीचे खाणपट्टे असतील तर त्या रॉयल्टीच्या 30 टक्के, म्हणजे 4 रुपये 20 पैसे, तुमच्याकडे येतात. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर हे प्रमाण 10 टक्के. कोळसा निघतो तोवर हे पैसे येतील. ज्या दिवशी खाण थांबेल, त्या दिवशी कामगारालाही पैसे लागतील आणि नेमका त्याच दिवसापासून तुमचा नळ आटेल. गरज उभी राहील तेव्हा निधी नसेल. शेतकरी बियाणे पिकाच्या वेळी बाजूला ठेवतो, पेरणीच्या वेळी शोधत फिरत नाही.

कोळशाच्या नावाने गोळा केलेला पैसा हातातून कसा निसटतो, हे या देशाने एकदा पाहिले आहे. 2010 मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. कल्पना चांगली होती : कोळशाने धूर केला, तर कोळशानेच स्वच्छ ऊर्जेचा खर्च उचलावा. 2014 मध्ये तो 100 रुपये झाला, 2015 मध्ये 200, 2016 मध्ये 400. मग जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि तोच उपकर राज्यांना नुकसानभरपाई देण्याच्या खात्यात वळवला गेला. सप्टेंबर 2025 मध्ये कोळशावरचा तो भरपाई उपकरही उठला आणि त्याऐवजी जीएसटीचा दर 5 वरून 18 टक्क्यांवर गेला. पैसा कोळशाकडून आजही घेतला जातो. त्याच्यावर स्वच्छ ऊर्जेचे जे नाव लिहिले होते ते मात्र पुसले गेले. दिल्लीच्या त्या निर्णयावर चंद्रपूरकरांचे काही चालले नसते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचे तसे नाही. तो पैसा इथेच येतो, त्याचे निर्णय इथेच होतात, आणि खाणकामाने बाधित झालेली माणसे व गावे यांच्या हितासाठीच तो वापरायचा, असे कायदा सांगतो. 2024 च्या सुधारित नियमांनुसार निधीतला किमान 70 टक्के भाग अग्रक्रमाच्या विषयांवर खर्च करायचा आहे. त्या विषयांत पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबर कौशल्य आणि उपजीविका यांचेही नाव आहे. म्हणजे मी जे मागतो आहे ते नियमाबाहेरचे नाही.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो. त्याशिवाय मी कंत्राटी माणसावर एवढा जोर का देतो ते कळणार नाही.

माझे वडील भूमिगत खाणीत टिंबरवर होते. छताला लाकडाचे टेकू लावायचे काम. मालक खासगी होता आणि मजुरी हजेरीवर. आजारी पडले की घरात दोन दिवसांनी पीठ संपायचे. मे 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या दिवशी खाणीत काही बदलले नव्हते. तेच दिवे, तोच उतार, तोच ओला काळोख. पण काही महिन्यांत वडिलांच्या नावाचे पुस्तक आले. त्यात भविष्य निर्वाह निधीचे आकडे होते. मग क्वार्टर मिळाले, दवाखाना मिळाला. आई ते पुस्तक देवघरात ठेवायची. मी आयटीआय शिकलो तो त्या पुस्तकाच्या जोरावर.

पुढे ती खाण बंद झाली. वडिलांना दुसऱ्या खाणीत पाठवले. रोज लांब जावे लागे, पण पगार सुरू राहिला. त्याच खाणीत ठेकेदाराकडे काम करणारे आमच्या शेजारचे काका होते. त्यांना कुणी काही कळवलेही नाही. एका सकाळी ते नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि गेटवरून परत आले. गेटसमोरचा पानठेला पुढच्या पोळ्यापर्यंत कसाबसा टिकला. खानावळ चालवणाऱ्या काकू चार महिन्यांत भांडी विकून माहेरी गेल्या. एकच खाण, एकच तारीख; पण ज्याचे नाव रजिस्टरमध्ये होते त्याची बदली झाली आणि ज्याचे नव्हते तो कुठल्याच यादीत सापडला नाही.

आज परिस्थिती उलटी फिरली आहे. माझ्या वडिलांच्या पिढीत कायम कामगार जास्त होते. आज खुल्या खाणीवर जा. माती काढणे ठेकेदाराचे, कोळसा वाहतूक ठेकेदाराची, टिप्पर, पोकलेन, पाण्याचे टँकर, सुरक्षा, कँटीन सगळे ठेकेदाराचे. वीज केंद्रात राख, सफाई, देखभाल यांचेही तेच. या माणसांपैकी कितीजणांची नोंद प्रतिष्ठानाकडे आहे? जमीन गेलेल्यांची यादी असते, आणि ती असायलाच हवी. पण ज्याच्याकडे जायला जमीनच नव्हती, जो गडचिरोलीतून, तेलंगणातून, बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन इथे वीस वर्षे राबला, त्याची यादी करा. कुठल्या कामावर आहे, वय काय, शिक्षण काय, कुठल्या यंत्रावर हात बसला आहे, घरात कमावणारे किती. ही पाहणी करायला फार पैसा लागत नाही. आमच्या आयटीआयची आणि महाविद्यालयांची पोट्टे दोन महिन्यांत करून देतील. पण पहिले पाऊल तेच आहे. ज्याला मोजलेच नाही त्याच्यासाठी कुठली योजना बनणार?

कोळशानंतरची तजवीज करण्यासाठी झारखंडने नोव्हेंबर 2022 मध्ये राज्यपातळीवर कार्यदल नेमले. देशात पहिले. महाराष्ट्राने कधी नेमायचे ते मुंबईत ठरेल. चंद्रपूरने वाट पाहू नये.

आता कामाकडे येतो, कारण प्रशिक्षण या शब्दावर माझा स्वतःचाच विश्वास थोडा उडाला आहे. तीन महिन्यांचा वर्ग, एक टी-शर्ट, एक फोटो आणि प्रमाणपत्र, असे कार्यक्रम मी खूप पाहिले. काहींत मीच शिकवले. वर्ग संपला की मुलगा रिकामा. आधी काम ठरले पाहिजे, मग शिकवले पाहिजे. आणि ते काम इथे, चंद्रपुरात, आहे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी खाणीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला बोलावले. गच्चीवर सौर पॅनेल होते, तीन वर्षे झाली होती, आणि पंखे काही फिरत नव्हते. मी दोन मुलांना घेऊन गेलो. सकाळचे नऊ वाजले होते, तरी गच्चीच्या कठड्याला हात लागत नव्हता. पॅनेलची काच निळी दिसायला हवी, ती राखाडी दिसत होती. बोट फिरवले तर काळी रेघ उमटली. कोळशाची धूळ, वरून दव पडून घट्ट बसलेली, खालच्या कडेला तर थर साचलेला. मुलांनी ओल्या कापडाने पहिले पॅनेल पुसले. बादलीतले पाणी शाईसारखे झाले. मी विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून उभा होतो. पुसता पुसता आकडा वर सरकताना मुलांनी पाहिला आणि दोघे न सांगता पुढच्या पॅनेलकडे वळले. मग खरी बिघाडाची जागा सापडली. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एका एमसी-4 कनेक्टरचे क्रिम्पिंग, म्हणजे तार दाबून बसवलेला जोड, ढिले होते, आतून जळून प्लास्टिक वितळले होते. बसवणाऱ्याने पक्कड वापरली असावी, क्रिम्पिंगचे योग्य हत्यार नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. तिथे आग लागू शकली असती, खाली तिसरीचा वर्ग होता. आम्ही कनेक्टर बदलला. दुपारी पंखे फिरले. ज्याने पॅनेल बसवले तो ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला होता आणि फोन उचलत नव्हता.

या एका गच्चीवर मला तीन कामे दिसली. नीट बसवणे, नियमित पुसणे, वेळेवर दुरुस्त करणे. आणि पुसण्याचे काम या जिल्ह्यात इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. हवा सुधारण्यासाठी आपण भांडतच राहू, पण तोवर इथल्या प्रत्येक गच्चीला माणूस लागणार आहे. असा माणूस तालुक्याला नाही, गावागटाला लागतो.

माझ्या विद्यार्थ्याची तक्रार याच्याशी जोडून पाहा. सगळी सौर ऊर्जा सारख्या नोकऱ्या देत नाही. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा-पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांच्या 2017 च्या अभ्यासात असे निघाले होते की जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पात एका मेगावॉटमागे साधारण साडेतीन माणसांना वर्षभराचे काम मिळते, तर गच्चीवरच्या सौर यंत्रणांत जवळपास पंचवीस जणांना. कारण उघड आहे. माळरानावर हजारो पॅनेल एका रांगेत बसतात आणि उभारणी संपली की चार रखवालदार उरतात. गच्ची प्रत्येक वेगळी. कुठे पत्रा, कुठे कौल, कुठे पाण्याची टाकी आड येते. प्रत्येक घरी जाऊन मोजावे लागते, अर्थिंग करावे लागते, महावितरणचा मीटर बदलून घ्यावा लागतो. नोकऱ्या हव्या असतील तर पैसा कुठल्या प्रकारच्या कामाला द्यायचा, हे या दोन आकड्यांत आहे.

आणि हे काम मागणीअभावी अडलेले नाही. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या घरगुती यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकरी 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर 5 टक्के. पंप बसतो, पण कंट्रोलर बंद पडला की शेतकरी आठ-आठ दिवस कंपनीच्या माणसाची वाट पाहतो आणि ऐन धानाच्या वेळी बांधी कोरडी पडते. सिंदेवाही, मूल, सावलीच्या शेतकऱ्याला विचारा. पंपाची हमी कंपनीची असली तरी पाना हातात धरणारा माणूस तालुक्यातच असायला हवा.

मग आमची मुले हे काम का घेत नाहीत? एक साधी अडचण सांगतो. गच्चीवरच्या योजनेत काम करायचे तर नोंदणीकृत विक्रेता व्हावे लागते आणि त्यासाठी बँक हमी लागते. ती लाखांच्या घरात जाते. टिप्पर चालवणाऱ्याच्या मुलाला कुठली बँक अशी हमी देईल? म्हणून तो शिकलेला असूनही कुणाच्या तरी हाताखाली रोजावर जातो. नफा नागपूर-पुण्याच्या एजन्सीचा, मजुरी याची. इथे प्रतिष्ठान खूप काही करू शकते, आणि तेही पैसा न गमावता. दहा-बारा प्रशिक्षित मुलामुलींची सहकारी संस्था करा, त्यांच्यात एक परवानाधारक सुपरवायझर असू द्या, आणि त्यांची हमी प्रतिष्ठानाच्या ठेवीतून द्या. काम बिघडले तरच हमीला हात लागेल.

पहिले काम त्यांना कोण देणार, तर तुम्हीच. शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांवर सौर यंत्रणा बसवण्याचे काम निघेल तेव्हा निविदेत एक अट टाका. बसवणारी माणसे खाणबाधित गावांतली असावीत, त्यांना पीएफ आणि ईएसआय असावा, आणि पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे बसवण्याच्या पैशांपासून वेगळे काढून दरवर्षी काम तपासूनच द्यावेत. पैसा तोच, पॅनेल तीच. माणसे मात्र आपली राहतील आणि पाच महिन्यांनी घरी परतणार नाहीत. आणि मजुरीचे बोलायचे राहू नये म्हणून इथेच सांगतो. कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामगारासाठी कोल इंडियाने ठरवून दिलेले वेतन आहे. त्याला एचपीसी वेतन म्हणतात. ते प्रत्यक्षात हातात पडते की नाही हा वेगळा झगडा आहे, पण कागदावर तरी दर आहे, त्यामुळे भांडता येते. सौर क्षेत्रात तसा दर नाही. किमान तुमच्या पैशातून होणाऱ्या कामाचा दर तुम्ही ठरवा, आणि तो एचपीसीपेक्षा कमी नको. हरित म्हणवणारे काम कोळशापेक्षा कमी पैसे देणार असेल तर ते करायला कोण येणार?

पंचेचाळिशीच्या टिप्पर चालकाला मी गच्चीवर चढायला सांगत नाही. त्याच्यासाठी काम जमिनीवर आहे. खुल्या खाणीभोवतीचे मातीचे डोंगर तुम्ही रोज पाहता. ते सपाट करायचे, उतार द्यायचा, वरची माती पसरायची, झाडे जगवायची. डोझर आणि डंपर चालवणाऱ्यालाच हे येते, आणि एका खाणीमागे हे काम वर्षानुवर्षे पुरते. खाण बंद करण्यासाठी कंपनीने एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, पैसे आधीपासून भरत राहायचे असतात. 2009 च्या सूचनांत खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख रुपये असा हिशेब धरला होता, पुढे तो सुधारत गेला. जमिनीसाठी खाण चालू असतानाच पैसे बाजूला काढावे लागतात, हे सरकारने केव्हाच मान्य केले आहे. मी तोच नियम माणसाला लावा म्हणतो आहे.

सपाट झालेल्या त्या जमिनीवर मोठा सौर प्रकल्पही यावा. मी मोठ्या प्रकल्पांच्या विरोधात नाही. आपल्याकडे एक गोष्ट आहे जी मराठवाड्याच्या किंवा कच्छच्या माळावर सहज मिळत नाही : वीज वाहून नेणारी व्यवस्था. 1999 मध्ये सुरू झालेली चंद्रपूर-पडघे ही 752 किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनी 1500 मेगावॉट वीज मुंबईच्या दारात नेते. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिडना जोडणारे केंद्र आहे. चाळीस वर्षे इथली वीज बाहेर गेली, त्यासाठी मनोरे उभे राहिले, आमच्या शेतांतून तारा गेल्या. 1983 पासून चाललेल्या केंद्राचे पहिले दोन 210 मेगावॉटचे संच निवृत्तही झाले आहेत. जसजसे जुने संच थांबतील, तसतशी त्या तारांवर जागा होईल. तिथे सौर आणि बॅटरी साठवणुकीचे प्रकल्प आले पाहिजेत, आणि ते चालवायला त्याच केंद्रातले कंट्रोल रूमचे, स्विचयार्डचे, रिलेचे अनुभवी लोक घेतले पाहिजेत. त्यांना फार थोडे नवे शिकवावे लागेल. ट्रान्सफॉर्मरला खालून कोळसा येतो की ऊन, याने फरक पडत नाही.

उशीर झाला की काय होते याचे उदाहरण दूरचे आहे, पण ते मी मुद्दाम अभ्यासले. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचे वीज केंद्र आहे. चारही बाजूंनी कोळशाचा पट्टा, वसाहत केंद्रावर जगणारी, अगदी आपल्या दुर्गापूर-ऊर्जानगरसारखी. ऑक्टोबर 2022 च्या शेवटच्या दिवशी त्याचा शेवटचा संच बंद झाला. जागतिक बँकेने 49 कोटी 70 लाख डॉलर मंजूर केले होते. 150 मेगावॉट सौर, 70 मेगावॉट पवन, बॅटरी, प्रशिक्षण केंद्र, सगळा आराखडा कागदावर होता. म्हणजे आपल्याकडे जे नाही ते सगळे त्यांच्याकडे होते, पैसासुद्धा. तरी केंद्र आधी बंद झाले आणि नवे काम मागून हळूहळू येत राहिले. कायम कामगारांना इतर केंद्रांत सामावून घेतले; ठेकेदाराची माणसे आणि वसाहतीतली दुकाने उघड्यावर आली. स्थानिकांशी आधी पुरेसे बोलले गेले नाही, असे तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगानेच म्हटले. ते वाचताना मला आमच्या शेजारचे काका डबा घेऊन गेटवरून परत येताना दिसत होते.

वरोऱ्याचीही आठवण देतो. एकोणिसाव्या शतकात वर्धेहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली ती तिथल्या कोळशासाठी. ती खाण 1906 मध्ये बंद झाली. रूळ राहिले म्हणून गाव राहिले. त्या खाणीत राबलेल्या माणसांचे काय झाले हे मी जुन्या कागदांत शोधले, एक ओळही सापडली नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, गावांना आज पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि हा मास्तर तीस वर्षांनंतरचे सांगतो आहे. पाणी आणि दवाखाना आधी, यात वाद नाही. मी त्यांच्यातला रुपयाही मागत नाही. मागच्या पाच वर्षांत निधीतून कोणती कामे झाली त्यांची यादी काढा आणि त्यात ज्यांचा खाणबाधित माणसाशी संबंध लावायला दोन मिनिटे विचार करावा लागतो, अशा कामांवर खूण करा. मी म्हणतो तो हिस्सा तिथून निघेल. दुसरे कोणी म्हणेल, कोळशाची नोकरी जाणार अशी भीती पसरवू नका. भीती मी पसरवत नाही, ती घराघरांत आहे. चहाच्या टपरीवर बसा, तिशीतली पोरे आपसांत काय बोलतात ते ऐका. "आपल्या रिटायरमेंटपर्यंत खाण राह्यते का नाही जी?" हा प्रश्न मी स्वतः किती वेळा ऐकला असेन. त्यांना कोणी अधिकाऱ्याने समोर बसवून खरे काय ते सांगितलेले नाही.

म्हणून विनंती अशी की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ठेवीचा हिस्सा किती टक्के ते तुम्ही ठरवा, पण ठराव करून ठरवा, म्हणजे पुढची परिषद बदलली तरी तो सहजी मोडता येणार नाही. कंत्राटी कामगारांच्या मोजणीची तारीख ठरवा. आणि त्या बैठकीला दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घूस इथल्या ठेकेदाराकडच्या चार-सहा माणसांना बोलवा. त्यांची त्या दिवसाची हजेरी बुडेल, तेवढी मजुरी प्रतिष्ठानाने द्यावी.

मला बोलावलेत तर मीही येईन. त्या टिप्पर चालवणाऱ्या मुलाला बरोबर आणीन. त्याच्या पाकिटात दोन्ही प्रमाणपत्रे अजून आहेत.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक
चंद्रपूर जिल्हा